‘कॉम्प्युटर सायन्स संपलं’ म्हणणाऱ्या संदेशाला उत्तर

गेल्या काही महिन्यांत एकच संदेश मला वेगवेगळ्या लोकांकडून पुन्हा पुन्हा आला. शब्द थोडेफार बदलतात, मजकूर तोच. कॉम्प्युटर सायन्सच्या पदवीला आता काही किंमत उरली नाही. तत्त्वज्ञान शिकलेल्यांच्या जवळपास दुप्पट बेकारी या मुलांमध्ये आहे. एआयने प्रोग्रामरची जागा घेतली, मोठ्या कंपन्यांतली छाटणी हा त्याचा पुरावा. दोन वर्षांत प्रोग्रामरच्या पाव हिस्सा नोकऱ्या गेल्या. पगार कोसळले. तेव्हा मुलांना या शाखेकडे पाठवू नका. आणि खाली, ‘सर्वांना पाठवा’.

पाठवणाऱ्यांत बहुतेक आई-वडील होते. एक मात्र दुसऱ्या वर्षाला शिकणारी मुलगी होती. शाखा बदलण्याचा अर्ज तिने भरून ठेवला होता आणि ‘सर, हे खरं आहे का?’ एवढंच विचारलं होतं. मी बरीच वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, नव्या मुलांच्या मुलाखतीही घेतो. तरी तिला दोन ओळींत उत्तर देता आलं नाही, कारण संदेशातले काही आकडे खरे आहेत. निष्कर्ष मात्र त्यांतून निघत नाही. आकडे अमेरिकेतले आहेत, म्हणून उत्तरातही तिथलेच घेतो.

‘तत्त्वज्ञानवाल्यांपेक्षा दुप्पट बेकारी’

हा आकडा न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेच्या (अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचा एक भाग) तक्त्यातला आहे. २२ ते २७ वयाच्या पदवीधरांची विषयवार स्थिती त्यात दिलेली असते. २०२५ च्या सुरुवातीला प्रसिद्ध झालेल्या, २०२३ च्या माहितीवर आधारलेल्या तक्त्यात कॉम्प्युटर सायन्सवाल्यांची बेकारी ६.१ टक्के होती आणि तत्त्वज्ञानवाल्यांची ३.२ टक्के. इथवर संदेश बरोबर आहे.

पण त्याच तक्त्यात शेजारी आणखी एक रकाना आहे, आणि तो संदेशात आलेला नाही. पदवीची गरजच नाही अशा कामात किती पदवीधर आहेत, हे तो रकाना सांगतो. कॉम्प्युटर सायन्समध्ये हे प्रमाण १६.५ टक्के. तत्त्वज्ञानात ४१.२ टक्के. कला-इतिहासात बेकारी अवघी ३ टक्के, पण पदवी न लागणाऱ्या कामात ४६.९ टक्के. दोन्ही रकाने एकत्र वाचले की चित्र पालटतं. बेकारीच्या आकड्यात फक्त तीच माणसं मोजली जातात ज्यांच्याकडे कुठलंच काम नाही आणि जी काम शोधताहेत. शिकलेल्या विषयाशी संबंध नसलेलं मिळेल ते काम धरलं, की माणूस त्या आकड्यातून बाहेर पडतो.

मग कॉम्प्युटर सायन्सची मुलं मिळेल ते काम का धरत नाहीत? माझ्या मते त्यांना थांबणं परवडतं, किंवा थांबावंसं वाटतं. त्याच तक्त्यात या विषयाच्या नव्या पदवीधरांचा मध्यक पगार वर्षाला ८० हजार डॉलर आहे (निम्म्यांना याहून जास्त, निम्म्यांना कमी), आणि तो वरच्या काही विषयांत मोडतो. असं काम सहा महिन्यांनी मिळण्याची शक्यता असेल तर माणूस सहा महिने थांबतो, आणि तेवढे महिने बेकार म्हणून मोजला जातो.

यात तत्त्वज्ञानाला कमी लेखायचा हेतू नाही. आणि ६.१ टक्के चांगले आहेत असंही मी म्हणत नाही. पदवी हातात पडायच्या आधीच नोकरीचं पत्र मिळायचं, अशी वर्षं मी पाहिली आहेत. आजची मुलं शंभर-शंभर अर्ज करतात आणि नकाराचंही उत्तर येत नाही. तो त्रास खरा आहे. पण ‘दाराशी रांग लागली आहे’ आणि ‘घर पडलं आहे’ या दोन वेगळ्या बातम्या आहेत.

‘छाटणी म्हणजे एआयने नोकऱ्या खाल्ल्याचा पुरावा’

इथे तारखा लावून पाहू. मेटामध्ये (फेसबुकची मालक कंपनी) २०१९ च्या अखेरीस सुमारे ४५ हजार कर्मचारी होते. सप्टेंबर २०२२ मध्ये ते ८७ हजारांवर गेले. तीन वर्षांच्या आत जवळजवळ दुप्पट. ९ नोव्हेंबर २०२२ ला कंपनीने ११ हजार लोकांना काढलं. चॅटजीपीटी लोकांसमोर आलं ३० नोव्हेंबरला, म्हणजे तीन आठवड्यांनी. जानेवारी २०२३ मध्ये ॲमेझॉनने १८ हजार, गूगलने १२ हजार आणि मायक्रोसॉफ्टने १० हजार लोकांच्या छाटणीचे आकडे जाहीर केले. त्या महिन्यात कुठल्याही कंपनीत एआय हजारो इंजिनिअरांचं काम करत नव्हतं.

मग काय झालं होतं? पैसा महाग झाला होता. मार्च २०२२ पर्यंत अमेरिकेतला मूळ व्याजदर जवळपास शून्य होता. जुलै २०२३ पर्यंत तो ५.२५ ते ५.५ टक्क्यांवर गेला. पैसा फुकट असतो तेव्हा दहा वर्षांनी नफा देईल अशा प्रकल्पावरही माणसं नेमायला कोणी ना म्हणत नाही. व्याज चढलं की पहिली कात्री अशाच प्रकल्पांवर पडते.

दुसरं कारण कराचं आहे. त्याची चर्चा फार कमी होते, आणि मला ते फार महत्त्वाचं वाटतं. २०१७ च्या अमेरिकी करकायद्यातली एक तरतूद २०२२ पासून लागू झाली. तोवर सॉफ्टवेअर तयार करणाऱ्यांचा पगार त्याच वर्षीचा खर्च म्हणून उत्पन्नातून वजा करता यायचा. नव्या नियमाने तो पाच वर्षांत विभागावा लागला, आणि काम परदेशात होत असेल तर पंधरा वर्षांत. समजा एका छोट्या कंपनीने वर्षाला १० लाख डॉलर कमावले आणि सगळे देशातल्याच इंजिनिअरांच्या पगारावर खर्च केले. हातात नफा शून्य. पण पहिल्या वर्षी त्या खर्चाचा दहावा भागच वजा होणार, म्हणून कागदावर नफा ९ लाख, आणि कर त्या ९ लाखांवर. अशी कंपनी नवा माणूस कशी घेणार? देशांतर्गत कामापुरती ही तरतूद जुलै २०२५ मध्ये बदलली, पण मधली तीन-साडेतीन वर्षं ज्यांनी पदवी घेतली त्यांनी तिची झळ सोसली. संदेशात या गोष्टीचा शब्दही नाही.

आता दुसरी बाजू, कारण ती झाकली तर मीही तेच केल्यासारखं होईल. ऑगस्ट २०२५ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातले अर्थतज्ज्ञ एरिक ब्रिन्योल्फसन आणि सहकाऱ्यांनी पगारपत्रकांच्या माहितीवरून दाखवलं की २२ ते २५ वयाच्या सॉफ्टवेअर डेव्हलपरांची संख्या २०२२ च्या अखेरच्या शिखरापासून जुलै २०२५ पर्यंत जवळपास २० टक्क्यांनी घटली. त्याच पेशातल्या वयाने मोठ्या लोकांच्या बाबतीत तसं झालं नाही. व्याजदराचा परिणाम यात किती आणि एआयचा किती, यावर अर्थतज्ज्ञांत वाद आहे. मला स्वतःला एआयचा हात त्यात दिसतो. नव्या मुलाला आम्ही पहिल्या वर्षी काय द्यायचो? एखादा छोटा बग (कोडमधली चूक) दुरुस्त करणं, एखाद्या फॉर्मची स्क्रीन, कोड तपासणाऱ्या चार टेस्ट लिहिणं. नेमकं हेच काम ही साधनं आज बरं करतात. धोका आहे तो पहिल्या पायरीला, आणि तो मोठा आहे, कारण आजच्या ज्युनिअरला कामच दिलं नाही तर दहा वर्षांनी सीनिअर कुठून आणणार? हा प्रश्न कंपन्यांना विचारायला हवा. त्याऐवजी तो एकोणीस वर्षांच्या मुलांच्या माथी मारला जातो आहे.

‘प्रोग्रामरच्या पाव हिस्सा नोकऱ्या गेल्या’

अमेरिकेच्या कामगार सांख्यिकी खात्यात ‘कॉम्प्युटर प्रोग्रामर’ आणि ‘सॉफ्टवेअर डेव्हलपर’ हे दोन वेगळे वर्ग आहेत. पहिला म्हणजे दुसऱ्याने आखून दिलेलं कोडमध्ये उतरवणारा. दुसरा म्हणजे काय बांधायचं, कसं बांधायचं, कुठे मोडेल, हे ठरवणारा. घट झाली ती मुख्यतः पहिल्या, लहान वर्गात. त्याच खात्याचा २०२४ ते २०३४ या दहा वर्षांचा अंदाज असा आहे: प्रोग्रामर ६ टक्क्यांनी कमी, डेव्हलपर आणि टेस्टर मिळून १५ टक्क्यांनी जास्त, माहिती-सुरक्षा विश्लेषक २९ टक्क्यांनी आणि डेटा सायंटिस्ट ३४ टक्क्यांनी जास्त. अंदाज चुकू शकतात, पण एका ओळीचा आकडा उचलून तो सगळ्या शाखेचा म्हणून सांगणं ही सरळ दिशाभूल आहे.

आणि ‘आता कोड लिहायची गरज नाही’ ही घोषणा या पेशाइतकीच जुनी आहे. १९५४ मध्ये आयबीएममधल्या जॉन बॅकस यांच्या गटाने फोरट्रान या प्रोग्रामिंगच्या भाषेचा आराखडा मांडला, तेव्हा त्यात लिहिलं होतं की या भाषेमुळे कोडिंग आणि डीबगिंग (कोडमधल्या चुका शोधून काढणं) जवळजवळ संपेल. फोरट्रान १९५७ मध्ये आली, तिने कोड लिहिणं खरोखरच कितीतरी सोपं केलं, आणि सोपं झालं म्हणून पूर्वी कोणी विचारही केला नसता अशा कामांसाठी प्रोग्राम लिहिले जाऊ लागले.

काम म्हणजे नुसतं कोड टाइप करणं नव्हे, हे ज्याला पटत नसेल त्याने नाइट कॅपिटल या शेअर व्यवहार करणाऱ्या कंपनीचं १ ऑगस्ट २०१२ रोजी काय झालं ते पाहावं. नवं सॉफ्टवेअर आठ सर्व्हरवर चढवायचं होतं, एक राहून गेला. त्या एकावर वर्षानुवर्षं न वापरलेला जुना कोड पडून होता आणि तो सुरू करणारी जुनीच खूण (फ्लॅग) नव्या प्रणालीने दुसऱ्या कामासाठी पुन्हा वापरल्यामुळे तो जागा झाला. सुमारे ४५ मिनिटांत कंपनीचे ४४ कोटी डॉलर गेले. नवा कोड कोणी किती वेगाने लिहिला, याचा इथे काहीच संबंध नव्हता. आठवा सर्व्हर तपासायला हवा होता, जुना कोड काढून टाकायला हवा होता, आणि गडबड सुरू झाल्यावर काय बंद करायचं हे कोणाला तरी माहीत असायला हवं होतं.

‘पगार कोसळले’

हे थोडक्यात. मे २०२४ मध्ये अमेरिकेतल्या सॉफ्टवेअर डेव्हलपरांचा मध्यक वार्षिक पगार १ लाख ३३ हजार डॉलर होता. सर्व पेशांचा मिळून मध्यक ४९ हजार ५०० डॉलर. याला कोसळणं म्हणत नाहीत. खाली आली ती डोळे दिपवणारी पॅकेजेस, आणि ती नीट समजून घेतली पाहिजेत. त्या रकमेत मूळ पगार, बोनस आणि कंपनीचे शेअर असे तीन भाग असतात. शेअर बहुधा चार वर्षांत थोडे थोडे हाती येतात आणि त्यांची किंमत बाजार ठरवतो. मेटाचा शेअर एकट्या २०२२ मध्ये सुमारे ६४ टक्के पडला, म्हणजे मूळ पगाराला हात न लावताही तिथल्या माणसाचं पॅकेज आटलं. त्याआधी ज्यांनी तीच पॅकेजेस दाखवून मुलांना या शाखेत ओढलं, त्यांनीही एवढंच नुकसान केलं आहे.

‘मुलांना या शाखेकडे पाठवू नका’

हा सल्ला पूर्वीही दिला गेला होता. २००० मध्ये डॉट-कॉमचा फुगा फुटला (इंटरनेट कंपन्यांचे फुगलेले शेअर कोसळले) आणि वर्गच्या वर्ग ओस पडले. अमेरिकेत २००४ च्या सुमारास या विषयाच्या वर्षाला सुमारे ५९ हजार पदव्या दिल्या जात, २००९ मध्ये त्या ३८ हजारांवर आल्या. तोवर स्मार्टफोन आला होता, क्लाउड (इंटरनेटवरून भाड्याने मिळणारे सर्व्हर) आला होता आणि माणसं पुरत नव्हती. मग पगार चढले, पुन्हा झुंबड उडाली, आणि २०२३ मध्ये १ लाख १२ हजारांहून अधिक मुलं ही पदवी घेऊन बाहेर पडली. चौदा वर्षांत जवळजवळ तिप्पट. आजच्या रांगेचं हे एक मोठं कारण आहे, आणि संदेश त्याबद्दलही गप्प आहे.

रिचर्ड फ्रीमन या अर्थतज्ज्ञाने १९७६ मध्ये इंजिनिअरांच्या बाबतीत हेच चक्र मांडलं होतं. मुलं आजचा पगार बघून शाखा निवडतात, पण बाजारात चार-पाच वर्षांनी उतरतात. तेजीत घुसलेली सगळी एकदम बाहेर पडतात आणि मंदी आणतात, मंदी बघून पळालेली पुढची टंचाई तयार करतात. यावरून ‘२०३० मध्ये तेजी येणारच’ असं मी सांगणार नाही. एवढंच म्हणतो, की आजच्या भरतीकडे बघून चार वर्षांनंतरचा निर्णय घेणं, हीच चूक दोन्ही बाजूंनी होत आली आहे.

त्या मुलीला मी आधी उलट विचारलं: पॅकेजसाठी आलीस, की प्रोग्राम चालत नाही तेव्हा तो का चालत नाही हे शोधत रात्र गेली तरी चालतं म्हणून? पहिलं असेल तर अर्ज खुशाल दे, त्यात कमीपणा नाही. दुसरं असेल तर ऑपरेटिंग सिस्टीम, नेटवर्क आणि डेटाबेस हे कंटाळवाणे मानले जाणारे विषय घट्ट कर, एखाद्या चालू ओपन सोर्स (ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो अशा) प्रकल्पाचा कोड महिनोन्‌महिने वाच, त्यातली एक तरी चूक स्वतः शोधून दुरुस्त कर.

मुलाखतीत मी हल्ली कोड लिहायला सांगत नाही. एआयकडून लिहून घेतलेल्या तीनशे ओळी समोर ठेवतो. त्यात पैशाची बेरीज अपूर्णांकांत केलेली असते. असे बरेच अपूर्णांक कॉम्प्युटर नेमके साठवू शकत नाही, म्हणून हजारो व्यवहारांनंतर हिशेब काही पैशांनी चुकतो. टेस्ट सगळ्या हिरव्या, म्हणजे पास झालेल्या असतात. बहुतेक उमेदवार ‘ठीक आहे’ म्हणून कागद परत देतात. जो थांबून विचारतो की इथे पूर्णांक का वापरले नाहीत, त्याला आम्ही दुसऱ्या फेरीला बोलावतो. तशी मुलं मिळत नाहीत म्हणून आमच्याकडे दोन जागा अजून रिकाम्या आहेत.