बीपी वेगळं, ठोके वेगळे? तपासून बघू

"बीपी म्हणजे नळातला दाब, ठोके म्हणजे वायरिंग. प्लंबरच्या कामाचा इलेक्ट्रिशियनशी काय संबंध? धडधड गॅसनं होते, नाहीतर बीपीच्या गोळ्यांनी. त्रास नसेल तर गोळी बंद करा. मशीनवर नाडी ७२ आली की हृदय ठणठणीत." हा मेसेज सध्या ग्रुपाग्रुपांवर फिरतोय. उपमा झकास, सल्ला घातक.

संबंध आहे, आणि तो हृदयाच्या स्नायूतूनच जातो. वर्षानुवर्षं चढ्या दाबाविरुद्ध रक्त ढकलून डावा खालचा कप्पा जाड आणि ताठ होतो. तो नीट सैलावत नाही, म्हणून वरच्या कप्प्यात दाब साचतो. पातळ भिंतीचा तो कप्पा ताणून मोठा होतो आणि त्याच्या स्नायूत चिवट तंतू तयार होतात. विजेचा संदेश या तंतूंपाशी अडखळतो, भलतीकडे वळतो, गोल फिरत राहतो. मग वरचा कप्पा आकुंचन पावायचं सोडून मिनिटाला ३५० ते ६०० वेळा नुसता थरथरतो. हेच एट्रियल फिब्रिलेशन, डॉक्टरांच्या तोंडी 'एएफ'. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम अभ्यासात बीपीवाल्या पुरुषांमध्ये याची जोखीम दीडपट आढळली. दीडपट फार वाटत नाही खरी, पण बीपी घरोघरी आहे.

गॅसचं म्हणाल तर पोट फुगल्यावर धडधड जाणवते, चहा-कॉफीनं आणि थायरॉईडनंही होते. निवाडा ईसीजी करतो, तोही ठोके बिघडलेले असताना काढला तर. म्हणून चोवीस तास ठोके नोंदवणारं 'होल्टर' हे छोटं यंत्र लावतात.

"त्रास नसेल तर" हे सगळ्यात वाईट. एएफ अनेकांना कळतच नाही. थरथरत्या कप्प्याच्या कोपऱ्यातल्या पिशवीत रक्त गोठतं, गुठळी मेंदूत जाते. पक्षाघाताची जोखीम साधारण पाचपट. उलट बीपीच्या रुग्णांवर झालेल्या 'स्प्रिंट' या वैद्यकीय चाचणीत वरचं बीपी १२० च्या खाली आणायचं ठरवलेल्या गटात, १४० चं लक्ष्य असलेल्या गटापेक्षा एएफचा धोका सुमारे २६ टक्के कमी दिसला.

नाडी ७२ ही सरासरी असते, अहो! मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन बोटं ठेवा, मिनिटभर बघा. दोन ठोके लगोलग, मग खंड, मग एक दुबळा, असं काहीच ताल न धरता चाललं असेल तरी आकडा ७२ येऊ शकतो.

राहता राहिल्या गोळ्या. लघवी वाढवणाऱ्या काही गोळ्यांनी पोटॅशियम उतरतं आणि ठोके चुकू शकतात, एवढं मेसेजमधलं खरं. ते साध्या रक्ततपासणीत कळतं, डॉक्टर गोळी बदलून देतात. मेटोप्रोलॉलसारखी, बीपीसोबत ठोकेही आवरणारी गोळी मात्र मनानं एकदम थांबवली, तर बीपीही उसळतं आणि धडधडही.