बापाच्या डोक्यातली इस्टेट

सांगलीतल्या पैसेवाल्या घरांबद्दल बरेच दिवस लिहायचं मनात होतं. पोस्ट मोठी आहे, पण पूर्ण वाचा. यातलं बरंचसं आपल्याकडे घरात कुणी बोलतच नाही.

मी कर सल्लागार आहे. माझ्याकडे येतात ते मार्केट यार्डातले हळदीचे अडते, तासगावकडचे बेदाणा आणि कोल्ड स्टोरेजवाले, कुपवाड एमआयडीसीतले कारखानदार आणि विटा-आटपाडीकडचे गलाईवाले, ज्यांची सोनं-चांदी गाळायची दुकानं पार दुसऱ्या टोकाच्या राज्यांत आहेत. यांना पैसा कसा कमवायचा हे मी काय सांगणार! माल कधी धरून ठेवायचा, कधी सोडायचा, कुठल्या रस्त्याला पुढं भाव येणार, हे त्यांच्या अंगातच असतं. पण हेच सगळं पुढच्या पिढीच्या हातात द्यायची वेळ येते तेव्हा हीच हुशार माणसं कमालीची ढिली पडतात. सगळी इस्टेट एका माणसाच्या डोक्यात. बायकोला पत्ता नाही, मुलाला अर्धं माहीत, सुनेला विचारायचा प्रश्नच नाही, आणि मुलीला बोलवायचं ते सहीपुरतं.

असा माणूस अचानक गेला की काय होतं ते मी जवळून बघते. तेराव्यानंतर मुलगा पिशवी घेऊन ऑफिसात येतो. अशाच एका पिशवीत काय काय होतं सांगते. तीन बँकांची पासबुकं. पतसंस्थांच्या ठेवपावत्यांचा गठ्ठा, काही मुदत उलटून गेलेल्या. नव्वदच्या दशकातली कागदी शेअर सर्टिफिकेटं, त्यावर जुन्या वाड्याचा पत्ता. लॉकरची किल्ली, पण लॉकर कुठल्या बँकेत हे घरात एकालाही ठाऊक नाही. आणि लाल कापडी बांधणीची एक वही, हातउसन्या रकमांची. त्यात नुसतं "तात्या ३", "मिरजेचे पाव्हणे ७" असं लिहिलेलं. तीन हजार की तीन लाख, दिलेले की घेतलेले, ते लिहिणाऱ्यालाच माहीत, आणि लिहिणारा तर गेला. मुलगा चाळिशीचा, रोज दुकानात बसणारा. वही उलटीपालटी करत तो मला विचारत होता, "मॅडम, हे तात्या कोण असतील?"

यातल्या एकेका कागदामागं पुढं किती धावपळ असते बघा. लाभांश सलग सात वर्षं कुणी घेतला नाही तर तो आणि ते शेअरसुद्धा सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीत जमा होतात. परत मिळतात, पण अर्ज, शपथपत्रं, वारसाचे पुरावे यांत जीव मेटाकुटीला येतो. दहा वर्षं हात न लावलेली बँकेतली ठेव रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते. तिचा शोध घ्यायला २०२३ पासून 'उद्गम' हे पोर्टल आहे, पण त्यासाठी खातेदाराचं नाव आणि पॅन किंवा जन्मतारखेसारखा एखादा तपशील तरी हाताशी हवा. आणि पतसंस्था! आपल्या जिल्ह्यात ठेवी बुडाल्याच्या जखमा घरोघरी आहेत, तरी एक-दीड टक्का जादा व्याजासाठी आपण तिथंच जातो. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे, पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही. हे घरातल्या किती जणांना माहीत असतं?

२०१९ च्या महापुरात सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. धोक्याची पातळी ४५. पाणी ओसरल्यावर गावभागातल्या ओळखीच्या घरांत गच्चीवर, दोरीवर कपड्यांसारखी कागदपत्रं वाळत घातलेली मी पाहिली. सातबारा परत निघतो, नोंदणी झालेल्या खरेदीखताची नक्कल मिळते. पण कपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवलेलं, नोंदणी न केलेलं मृत्युपत्र चिखलात गेलं की ते गेलंच. त्यात काय लिहिलं होतं हे दुसऱ्या कुणाला सांगितलेलंही नसतं.

ही लपवाछपवी आली कुठून याचा मी खूप विचार केला. माझ्या मते ती आजोबांच्या काळातली आहे, आणि त्या काळात तिला कारण होतं. १९५३ ते १९८५ या काळात आपल्या देशात माणूस गेल्यावर त्याच्या मिळकतीवर इस्टेट ड्यूटी लागायची, आणि तिचा वरचा दर ८५ टक्क्यांपर्यंत गेला होता. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला आयकराचा सर्वांत वरचा दर अधिभारासकट ९७ टक्क्यांच्या पुढं होता. त्यात १९६१ चा जमीनधारणेचा कायदा. बारमाही बागायत असेल तर कुटुंबाला १८ एकर, कोरडवाहू असेल तर १९७५ च्या दुरुस्तीनंतर ५४. मग लोकांनी काय केलं? जमीन पाच नावांवर केली, सोनं जमिनीत पुरलं, हिशेब दोन वह्यांत ठेवला आणि तोंड मिटून घेतलं. "घरातलं बाहेर जाता कामा नये" म्हणता म्हणता ते घरातल्या घरातसुद्धा सांगायचं बंद झालं.

आज त्यातलं काय राहिलंय? इस्टेट ड्यूटी ४० वर्षांपूर्वी संपली. संपत्ती कर २०१५ च्या अर्थसंकल्पानं काढला. वारसानं मिळालेल्या मिळकतीवर आज कर नाही. आई-वडील, मुलं, भाऊ-बहीण यांच्यात दिलेल्या बक्षिसावर घेणाऱ्याला कर नाही. बायकोच्या किंवा सुनेच्या नावावर पैसा केला तर त्याचं उत्पन्न देणाऱ्याच्याच उत्पन्नात धरलं जातं, एवढं लक्षात ठेवलं की झालं. राहतं घर किंवा शेतजमीन मुलाला, मुलीला, नातवंडांना बक्षीसपत्रानं द्यायची तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे. भीतीचं कारण गेलं आणि सवय मात्र तशीच राहिली.

मोठ्या उद्योगपतींच्या घरांचीही यातून सुटका नाही. धीरूभाई अंबानी २००२ मध्ये मृत्युपत्र न करता गेले, आणि भावाभावांतला वाद अख्ख्या देशानं पाहिला. २००५ मध्ये आईनं मध्ये पडून वाटणी केली. आपल्या जिल्ह्याला ज्यांनी १९१० मध्ये किर्लोस्करवाडी दिली त्या घराण्यात २००९ मध्ये लेखी कौटुंबिक करार झाला होता. तरीही वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि २०२१ मध्ये न्यायालयानं मध्यस्थीचा मार्ग सुचवला. म्हणजे नुसता कागद पुरत नाही. त्या कागदातल्या प्रत्येक ओळीचा अर्थ सगळ्यांना एकच कळलाय का, हे सगळे हयात असताना बोलून घ्यावं लागतं. २०२४ मध्ये गोदरेज घराण्यानं सव्वाशे वर्षांचा कारभार सामंजस्यानं दोन शाखांत वाटून घेतला, तोही वर्षानुवर्षं आपसात चर्चा करून.

आता मुलींचं. यावर मला राग येतो आणि तो मी लपवणार नाही.

दुय्यम निबंधकाच्या कार्यालयातला हा देखावा आपल्याकडच्या वकिलांनी, मुद्रांक विक्रेत्यांनी शेकडो वेळा पाहिला असेल. पुण्याहून, मुंबईहून बहिणी सकाळच्या गाडीनं आलेल्या. भावानं दस्त आधीच टाइप करून आणलेला. बाकावर बसायचं, नंबर आला की कॅमेऱ्याकडं बघायचं, यंत्रावर अंगठा टेकवायचा, सही करायची. हक्कसोडपत्र झालं. कशावरचा हक्क सोडला, ते किती एकर, आज त्याची किंमत काय, हे त्या बहिणीनं विचारायचं नाही आणि कुणी सांगायचं नाही. मग जेवण, एक साडी, आणि संध्याकाळच्या गाडीनं परत. बहिणींना विचारलं तर म्हणतात, "माहेर तुटायला नको." माहेर टिकवण्यासाठी बहिणीनं कोट्यवधींची सही करायची, ही अट भावाला कुणी कधी घातली आहे का?

कायद्यात शंकेला जागा राहिलेली नाही. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनं मुलगी वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीनं हिस्सेदार झाली. ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की हा हक्क तिला जन्मानंच मिळतो आणि त्यासाठी दुरुस्ती आली तेव्हा वडील हयात असायला हवेत असं नाही. एकत्र कुटुंबाचं वेगळं पॅन काढून वर्षानुवर्षं कर वाचवणाऱ्या घरांनी हेही ऐकावं. मोठी मुलगी त्या कुटुंबाची कर्ता होऊ शकते, असा निकाल दिल्ली उच्च न्यायालयानं डिसेंबर २०१५ मध्ये दिला आहे.

"आम्ही लग्नात दिलंय की!" हे मला दर वेळी ऐकायला मिळतं. दिलं असेल. मग तसं तिच्यासमोर बोला, आकडा सांगा. स्वतः कमावलेली मिळकत वडील मृत्युपत्रानं कुणालाही देऊ शकतात, तो त्यांचा अधिकार आहे. बहीण खुशीनं सोडत असेल तर तेही तिचं स्वातंत्र्य आहे. पण सातबारा, मिळकत पत्रिका आणि ठेवींची यादी हातात घेऊन, सगळं वाचून सोडलेला हक्क आणि बाकावर बसवून घेतलेली सही या दोन गोष्टी मी कधीही एका मापानं मोजणार नाही.

नॉमिनीचा घोळ तर घराघरांत. धाकट्याचं नाव नॉमिनी म्हणून लावलं म्हणजे ते पैसे त्याचे, असं मोठमोठे व्यापारीही समजतात. नॉमिनी ती रक्कम किंवा शेअर ताब्यात घेऊ शकतो, पण मालकी वारसांची किंवा मृत्युपत्रात ज्याचं नाव आहे त्याची. शेअर आणि म्युच्युअल फंडांच्या बाबतीतही हेच, हे सर्वोच्च न्यायालयानं १४ डिसेंबर २०२३ च्या निकालात सांगितलंय.

वडीलधाऱ्यांची एक भीती मात्र मला अगदी रास्त वाटते. हयातीतच सगळं नावावर केलं आणि पोरांनी बघितलं नाही तर? म्हणूनच मी बक्षीसपत्राची घाई करू नका म्हणते. मृत्युपत्र करा. ते तुमच्या पश्चात लागू होतं, आणि मन बदललं तर जिवंतपणी कितीदाही बदलता येतं. त्याला मुद्रांक लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही, पण करून ठेवलेली बरी. दोन साक्षीदार हवेत, ते तुमच्याहून वयानं लहान असावेत, आणि ज्यांना काही मिळणार आहे त्यांना साक्षीला घेऊ नका. बक्षीसपत्रच करायचं असेल तर सांभाळ करण्याची अट त्यात शब्दांत लिहून घ्या. तशी अट असेल आणि ती मोडली, तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली ते बक्षीस रद्द करून घेता येतं.

दिवाळीत भाऊबीजेला लेकी, जावई, सुना सगळे घरी असतात. त्या दुपारी दोन तास काढा. जमिनीचे गट नंबर, बँका, पतसंस्था, विमा, डिमॅट, लॉकर, दिलेले-घेतलेले उसने, सगळं एका वहीत लिहा. पूर्ण नावानं, पूर्ण आकड्यानं. एक प्रत घरात, दुसरी थोरल्या लेकीकडं. आणि ती वही वाचायला सुनेला सांगा.