बोटीच्या इंजिनात पेट्रोल मारायला सांगणारा तो मेसेज पुढे पाठवू नका

1 ऑगस्टला मासेमारी बंदी उठते, त्याच्या तोंडावर "दोन महिने बंद असलेलं डिझेल इंजिन मिनिटात चालू करा" असा मेसेज फिरतोय. बेलापूरच्या दिवाळे कोळीवाड्यातला माझा मावसभाऊ विचारत होता, दादा, जेट्टीवर पेट्रोलची बाटली घेऊन जाऊ का? म्हणून लिहितोय, नाहीतर असले मेसेज मी वाचतही नाही.

त्यात म्हटलंय, एअर फिल्टर काढून आत पेट्रोल नाहीतर स्टार्टिंग स्प्रे मारा. अहो, डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो, पिस्टन हवा दाबतो, ती तापते आणि नोजलमधून आलेलं डिझेल त्या तापलेल्या हवेत पेटतं, आणि ते कधी यायचं ते पंप ठरवतो. हवेबरोबरच पेटणारी वस्तू आत गेली की ती कधी भडकेल ते कोणाच्याच हातात नाही. स्प्रेमधलं ईथर तर 160 ते 180 अंशांच्या आसपास पेटतं, म्हणजे पिस्टन अजून वर चढत असतानाच भडका. रिंगा तुटतात, पिस्टनला तडा जातो, रॉड वाकतो. इंजिनाला आतली हवा तापवणारा हीटर किंवा ग्लो प्लग असेल तर हवा आत जाते तिथेच, इनटेकमध्ये स्फोट, आणि स्प्रे मारणाऱ्याचं तोंड नेमकं तिथेच. माझं ऐकू नका, बोटीची इंजिनं बनवणाऱ्या वोल्वो पेंटाचं मॅन्युअल उघडा, स्टार्टिंग स्प्रे कधीही वापरू नका, स्फोटाचा धोका आहे, असं साफ लिहिलंय.

पेट्रोल तर बोटीवर त्याहून वाईट. त्याची वाफ हवेपेक्षा जड, ती उडून जात नाही, बोटीच्या तळाला जाऊन बसते, तिथेच बाजूला बॅटरी आणि सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर. एक ठिणगी पुरते.

स्प्रेने इंजिन लागतं हे खरंय, नाकारत नाही. थंड देशांत काही मोठ्या इंजिनांना मोजून ईथर सोडायची सोय कंपनीच देते. पण बेलापूरला ऑगस्टमध्ये कसली आलीये थंडी? इथे इंजिन लागत नाही ते बॅटरी उतरलेली असते, डिझेलमध्ये पाणी झालेलं असतं, नाहीतर डिझेलच्या लाइनीत एअर धरलेली असते म्हणून. अर्धवट भरलेली टाकी पावसाळाभर उभी राहिली की आत दमट हवेचं पाणी धरतं. आधी सेपरेटरचा, म्हणजे डिझेलमधलं पाणी वेगळं करणाऱ्या भांड्याचा, खालचा स्क्रू सोडून पाणी काढा, मग डिझेल फिल्टरवरचा स्क्रू ढिला करून हँडपंप मारा, आधी फेस येईल, मग बुडबुडे, सलग डिझेल आलं की पंप मारता मारताच स्क्रू आवळा. स्प्रेच्या डब्यापेक्षा पाना स्वस्त पडतो.

दुसरं, "लागेपर्यंत सेल्फ सोडू नका". दहा-पंधरा सेकंदांच्या वर मारू नका, मध्ये थांबा, सेल्फ जळतो. आणि ज्यांच्या एक्झॉस्टमध्ये खारं पाणी सोडलेलं असतं त्यांनी तर जास्तच सांभाळा, इंजिन लागलेलं नसताना पंप पाणी ढकलत राहतो, ते बाहेर फेकायला धूर नसतो, सायलेन्सर भरून पाणी उलटं सिलिंडरमध्ये शिरतं. पाणी दाबलं जात नाही, रॉड वाकतो. पुन्हा पुन्हा सेल्फ मारावा लागत असेल तर सी-कॉक, म्हणजे समुद्राचं पाणी आत घेणारा कॉक, बंद ठेवा, आणि लागल्या लागल्या उघडा, नाहीतर पाण्याच्या पंपातला इंपेलर कोरडा फिरून जळेल.

तिसरं, लागल्या लागल्या फुल रेस द्या म्हणे. दोन महिने उभ्या इंजिनात ऑइल सगळं खाली उतरलेलं असतं, बेअरिंगपर्यंत पोचू तर द्या.

अर्धा तास उभं चालू ठेवायचीही गरज नाही, नुसता कार्बन धरतो. काही मिनिटं चालवा, मग हळूहळू लोड द्या. तेवढ्यात ऑइल प्रेशरचा काटा उठतोय का आणि मागून पाणी पडतंय का ते बघा, दोन्हीतलं एक जरी नसलं तरी तिथेच बंद करा.