६ व्होल्टच्या नावानं खडे

१९५३ची शेव्हरलेट बेल एअर, म्हणजे ६ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारी जुनी अमेरिकन मोटार, दुरुस्तीला आली की मालकाचं वाक्य ठरलेलं: "६ व्होल्टवर स्टार्टच होत नाही, १२ करून टाका." अहो, बॅटरीची केबल बघितलीत का? १२ व्होल्टच्या गाडीची बारीक केबल कुणीतरी ठोकून दिलीय! व्होल्टेज निम्मं, म्हणजे तेवढ्याच ताकदीला करंट दुप्पट; केबल जाडजूडच लागणार. अर्थिंगच्या टोकाखाली रंगाचा थर, त्याखाली गंज. तो खरवडा, स्टार्टर गरागरा फिरेल. अमेरिकेत मिशिगनच्या कडाक्याच्या थंडीत याच गाड्या सुरू होत होत्याच ना? १९५५मध्ये कंपनीनं १२ व्होल्ट आणले ते अख्खी वायरिंग त्या हिशेबानं करून. इथे मात्र १२ करायच्या नादात बॅटरी चार्ज करणारा चांगला जनरेटर आधी भंगारात, आणि मग ६ व्होल्टचाच राहिलेला रेडिओ, हीटरचा पंखा जळला की आमच्या नावानं शंख!