‘फॉरमॅट ऑल दाबा, झालं’

खानापूरपासून निपाणीपर्यंत सगळ्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. त्याचं सार असं: मीडियाटेक कंपनीची चिप असलेला कुठलाही बंद पडलेला मोबाईल घरीच चालू होतो. सिक्युअर बूट, म्हणजे फोन सुरू होताना सॉफ्टवेअर कंपनीचंच आहे का ही तपासणी, हे नुसतं पैसे उकळायला लावलेलं कुलूप. त्याच चिपची कुठलीही सॉफ्टवेअर फाईल घ्या, एसपी फ्लॅश टूलमध्ये (फोनमध्ये सॉफ्टवेअर भरायचा कॉम्प्युटरवरचा प्रोग्रॅम) ‘फॉरमॅट ऑल’ दाबा, झालं.

आधी कुलपाचं बघू. कंपनीच्या डिजिटल चावीचा ठसा चिपमधल्या फ्यूजवर कायमचा उमटवलेला असतो. फोन सुरू होताना बूट रॉम (चिपमध्ये कायमचा कोरलेला पहिला प्रोग्रॅम) प्रीलोडरची, म्हणजे त्यानंतर चालणाऱ्या प्रोग्रॅमची, डिजिटल सही त्या ठशाशी ताडून बघतो, प्रीलोडर पुढच्याची. यामुळे कुणी मध्येच भेसळीचं सॉफ्टवेअर घातलं तर ते अडतं. कंपन्या ऑथ (सॉफ्टवेअर भरायची परवानगी) देत नाहीत, आम्ही मोबाईल दुरुस्तीचे दुकानदार ताटकळतो, हा राग रास्तच. पण तो वेगळा.

‘ही तपासणी चुकवणारा बायपास आहे की!’ आहे, 2021 पासून फुकट फिरतोय. पण तो बूट रॉममधल्या एका चुकीवर चालतो. ती रॉम बदलता येत नाही, म्हणून जुन्या चिपांत चूक तशीच राहिली. नव्या चिपांत बुजवली. मित्राच्या फोनवर चालला म्हणून तुमच्या फोनवर चालेलच असं नाही.

‘त्याच चिपची फाईल’ हे तर सगळ्यात फसवं. प्रीलोडरमध्ये त्या बोर्डवरच्या रॅमची सेटिंग असते. कंपनीने दोन मॉडेलना एकच चावी वापरली असेल, तर सही जुळेल, पण रॅम जुळेलच असं नाही. नाही जुळली, तर फोन डेड. (बूट रॉम पुसला जात नाही, त्यामुळे डेड फोनही पुष्कळदा उठतो. मेसेजमधलं एवढंच खरं.)

आणि ‘फॉरमॅट ऑल’. त्यात फोटो जातातच, वर एनव्हीरॅम हा फोनच्या खास नोंदींचा भागही पुसला जातो. आयएमईआय (फोनचा ओळख नंबर) आणि वायफायचं कॅलिब्रेशन, म्हणजे कारखान्यात केलेली जुळवणी, तिथेच असतं. नुसतं सॉफ्टवेअर मारायचं तर त्याच टूलमध्ये ‘डाउनलोड ओन्ली’ असतं, तेही एनव्हीरॅमचा बॅकअप घेऊन. मेसेजमध्ये बॅकअपचा उल्लेखच नाही!

गेल्या महिन्यात खानापूरकडचे एक मामा असाच फोन घेऊन आले. लोगो येतोय, फोन चालू होतोय, पण आयएमईआय इनव्हॅलिड, रेंज गायब. भाच्यानं ‘फॉरमॅट ऑल’ मारलं होतं. ‘दुसऱ्या कुठल्या फोनचा नंबर घाला की,’ मामा म्हणाले. ते मी करत नाही. 2023 च्या दूरसंचार कायद्यात आयएमईआयशी छेडछाड केली तर 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 50 लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे.

‘बिल आणि बॉक्स घेऊन सर्व्हिस सेंटरला जावा. बॉक्स हाय न्हवं?’

‘हाय की. पोरीनं बांगड्या ठेवल्यात त्यात.’