रुंद टायर, अरुंद टायर आणि माझी एक चूक: प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया बोचली. पण त्यातला एक मुद्दा अगदी बरोबर आहे, त्यामुळे ‘धन्यवाद, मतभेद असू शकतात’ म्हणून अंग काढून घेणं बरं दिसणार नाही. जरा सविस्तरच लिहितो.

मूळ लेख ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मी सेकंड-हँड माझदा एमएक्स-५ ही छोटी, हलकी, दोन आसनांची स्पोर्ट्स कार घेतली, आत्ताच्या पिढीची, म्हणजे २०१५ नंतरची. आधीच्या मालकाने तिला २२५/४५ आर १७ टायर घातले होते (२२५ म्हणजे रुंदी मिलिमीटरमध्ये, ४५ म्हणजे भिंतीची उंची रुंदीच्या किती टक्के ते, १७ म्हणजे रिमचा व्यास इंचांत). ब्रेक आत नीट बसतात ना ते पाहून मी १६ इंची रिम आणल्या, त्यावर १९५/५० आर १६ टायर चढवले आणि ‘गाडी सुधारली’ असं लिहून मोकळा झालो. त्यावर तुम्ही म्हणता की मी पैसे वाचवायला अरुंद टायर घातले आणि वर त्याला शास्त्राचा मुलामा दिला. तुमच्या मते स्पोर्ट्स कारला रुंद टायरच हवेत, एवढे बारीक टायर वजन पेलणार नाहीत, घ्यायचेच तर २०० ट्रेडवेअरचे चिकट टायर घ्यावेत (ट्रेडवेअर म्हणजे टायर किती टिकेल याचा आकडा; जितका कमी तितका टायर लवकर झिजतो). आणि ‘मजा येते’ असं लिहून मी लोकांच्या जिवाशी खेळतोय.

आधी माझी चूक. मी लिहिलं होतं की टायरची जमिनीला टेकणारी जागा म्हणजे चाकावरचं वजन भागिले हवेचा दाब, म्हणून टायर रुंद केला तरी ती जागा तेवढीच राहते, फक्त आडवी होते. तुम्ही त्याला ‘शाळकरी गणित’ म्हणालात. मान्य. टायरच्या भिंती स्वतःही थोडं वजन पेलतात, त्यामुळे हे गणित ढोबळमानानेच जुळतं. शिवाय जागा तेवढीच राहिली म्हणून ग्रिपही तेवढीच राहील, हे तर साफ चूक. रबराचं घर्षण पुस्तकातल्या ठोकळ्यासारखं वागत नाही. रबरावर भार वाढत गेला की घर्षणगुणांक कमी होत जातो. पसरट टायर वळणावर कमी मुरडतो आणि त्याची उष्णता जास्त रबरात वाटली जाते. कोरड्या ट्रॅकवर घड्याळ लावलं तर २२५ वाली गाडी माझ्या पुढे जाईल. ते वाक्य मी लेखात दुरुस्त केलंय.

पण तुम्ही तिथून सरळ ‘म्हणून रुंद टायरच हवा’ इथे उडी मारलीत. ती मला पटत नाही.

वजनाचा मुद्दा लगेच निकालात निघतो. टायरच्या भिंतीवर मापाच्या पुढे जो आकडा असतो तो भार निर्देशांक. माझ्या टायरवर ८४ व्ही असं आहे: ८४ म्हणजे एका टायरला ५०० किलो, व्ही म्हणजे ताशी २४० किलोमीटर. याच गाडीला कंपनीकडून येणाऱ्या २०५/४५ आर १७ मापातही ८४ च असतो. चार टायर मिळून २००० किलो, आणि गाडी हजाराच्या आसपास. १.५ लिटर इंजिनाच्या हलक्या मॉडेलला माझदा स्वतःच १९५/५० आर १६ देते. मी काही जुगाड केलेला नाही.

‘स्पोर्ट्स कारला रुंदच हवेत’ हे वाक्य तर मला नेहमी कोड्यात टाकतं. १९९६ साली आलेल्या लोटस एलिस या हलक्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारला पुढे १८५/५५ आर १५ होते. वजन साधारण सव्वासातशे किलो. तिचं स्टिअरिंग बोथट होतं असं कुणी म्हटल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. २०१२ च्या टोयोटा जीटी८६ या स्पोर्ट्स कारला तर मिशेलिन प्रायमसी एचपी हे साधे प्रवासी टायर दिले होते, २१५ रुंदीचे. टोयोटाच्याच प्रियस या साध्या हायब्रिड गाडीलाही मिळणारे तेच. तेव्हा लोकांनी बरीच थट्टा केली. पण तो निर्णय जाणूनबुजून घेतलेला होता: वळणावर गाडी कमी वेगातच बाजूला घसरायला लागावी आणि हळूहळू घसरावी. तीनशे अश्वशक्तीची, दीड टनाची गाडी असती तर मीही रुंद टायर मागितले असते. इथे हलक्या गाडीबद्दल बोलतोय आपण.

आता जुने टायर काढताना काय दिसलं ते सांगतो, कारण माझं मत तिथे पक्कं झालं. नव्या टायरवर साच्यातून आलेले रबराचे बारीक केस असतात, तुम्ही पाहिले असतीलच. रस्त्याला जिथे रबर लागतं तिथले केस पहिल्या काही किलोमीटरमध्येच जातात. माझ्या २२५ वर हजारो किलोमीटर झाले होते, मधला पट्टा झिजून नक्षी उथळ झाली होती, आणि बाहेरच्या खांद्याजवळ, म्हणजे नक्षी संपून भिंत सुरू होते त्या कडेजवळ, ते केस तसेच ताठ उभे. बोट फिरवलं तर टोचत होते! हवा जास्त ठेवल्याचाही हा परिणाम होता, नाही असं नाही. आधीच्या मालकाने ३६ पीएसआय भरून ठेवली होती, या गाडीला साधारण २९ लागते. हवा उतरवून पुन्हा दोन-तीन महिने चालवली. केस थोडे कमी झाले, पण संपले नाहीत. म्हणजे ज्या रबरासाठी पैसे मोजले होते त्यातलं काही रबर रस्त्याला भेटतच नव्हतं. फक्त चाकाबरोबर गरगरत होतं.

त्यात २२५/४५ आर १७ चा व्यास भरतो सुमारे ६३४ मिलिमीटर, कंपनीच्या २०५/४५ चा ६१६. तीन टक्के मोठं चाक म्हणजे प्रत्येक गिअर तीन टक्के लांब. आधीच छोटं इंजिन, त्यात ही भर. माझ्या १९५/५० आर १६ चा व्यास ६०१ आहे. उलट दिशेने मीही कंपनीच्या १७ इंची मापापासून अडीच टक्के सरकलोय, हे लपवत नाही. स्पीडोमीटर आता थोडा जास्त वेग दाखवतो.

आता ‘मजा’ या शब्दाबद्दल, कारण तुमचा खरा राग तिथे आहे. वळणावर टायर थोडा मुरडतो तेव्हा बाजूला ढकलणाऱ्या बलाचं केंद्र टेकलेल्या जागेच्या मध्यावर नसतं, थोडं मागे असतं. त्या अंतरामुळेच स्टिअरिंग हाताला जड लागतं. ग्रिप संपत आली की ते केंद्र पुढे सरकतं आणि स्टिअरिंग हलकं व्हायला लागतं. हे टायर सुटायच्या आधी घडतं, हे महत्त्वाचं. अरुंद टायरची टेकलेली जागा लांबट असते, म्हणून हा बदल मोठा असतो आणि हाताला लवकर कळतो. माझ्या गाडीत तो मला आता ओल्या रस्त्यावर साध्या वेगातही कळतो. २२५ वर तो कळायचा तेव्हा मी रस्त्यावर ज्या वेगात असायला नको त्या वेगात असायचो. तुम्ही याला मजा आणि सुरक्षा अशा दोन वेगळ्या गोष्टी म्हणता. माझ्या हातांना तो एकच निरोप मिळतो.

पाण्याचा अनुभव लेखात लिहिला नव्हता, लिहायला हवा होता. जुन्या टायरवर एकदा भर पावसात, चाकोऱ्यांमध्ये पाणी साचलेल्या सरळ रस्त्यावर, इंजिनाचा आवाज अचानक चढला आणि स्टिअरिंगमध्ये काही उरलंच नाही. सेकंदभरच. मी काहीही केलं नाही, फक्त पाय अलगद उचलला, आणि गाडी पुन्हा जमिनीला लागली. हलकी गाडी, पसरट टायर आणि मध्यभागी झिजलेली नक्षी, हे तिन्ही एकत्र आले की पाणी बाजूला सारायला वजनच पुरत नाही. अरुंद टायरला मुळात कमी पाणी सारावं लागतं.

म्हणूनच तुमचा २०० ट्रेडवेअरचा सल्ला मी रस्त्यासाठी घेणार नाही. एक तर ट्रेडवेअर हा ग्रिपचा आकडा नाही. अमेरिकी पद्धतीत १०० च्या संदर्भ टायरशी तुलना करून झीज मोजतात आणि आकडा टायर कंपनी स्वतः ठरवते. त्या वर्गातले टायर चिकट असतात हे खरं, पण बऱ्याच जणांची नक्षी उथळ असते आणि गरम झाल्याशिवाय ते मनापासून काम करत नाहीत. हजार किलोची गाडी किराणा आणायला जाताना त्यांना गरम करणार कशी? ट्रॅकसाठी वेगळ्या चाकांचा संच ठेवत असाल तर माझी काही हरकत नाही, उलट हेवा वाटेल.

राहिला पैशांचा आरोप. रुंदी कमी केली, रबर नाही. ओल्या रस्त्यावरच्या ब्रेकिंगला युरोपीय लेबलवर ‘ए’ ही सर्वांत वरची श्रेणी असलेले टायर घेतले, भिंतीवरचे उत्पादनाचे चार आकडी आठवडा-वर्ष बघून ताजे घेतले, आणि रिमचा खर्च वरून झाला. बचत वगैरे काही नाही हो. घरी अजूनही त्यावरून ऐकून घेतोय.

तुमच्या गाडीला काय घातलंय ते तुम्ही लिहिलेलं नाही. एक करून बघाल का? टायरच्या खांद्यावर, नक्षीपासून भिंतीपर्यंत, खडूची जाड आडवी रेघ ओढा. चारही चाकांना, तीन-तीन ठिकाणी. तुमच्या नेहमीच्या वळणदार रस्त्यावरून एक फेरी मारून या आणि खडू कुठपर्यंत पुसला गेलाय ते बघा. हवा किती होती तेही सोबत लिहा. रेघ कडेपर्यंत पुसली गेली असेल तर लेखात आणखी एक दुरुस्ती करीन.