नगरसेवकांच्या आरोग्य अहवालात काय नसतं

पुणे महापालिकेचं मतदान १५ जानेवारी २०२६ ला झालं. मार्च २०२२ पासून चाललेला प्रशासकांचा कारभार संपला आणि ४१ प्रभागांतून १६५ नगरसेवक सभागृहात गेले. आता सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर माननीयांचे कार्यअहवाल फिरतात. त्यांतला आरोग्याचा भाग वाचायची गरजच नसते, फोटो बघितले की पुरे. धूरफवारणी, नेत्रतपासणी, रक्तदान, महाप्रसाद. एका प्रभागात चार-चार माननीय असल्यामुळे फवारणीचं एकच यंत्र चौघांच्या अहवालांत दिसतं, ते असो.

यातलं काहीच वाईट नाही. पण हे सगळं एखादं तरुण मंडळही करतं. नगरसेवकाच्या हातात जे असतं आणि मंडळाच्या हातात नसतं, त्याबद्दल अहवालात ओळसुद्धा नसते.

एक गोष्ट आधी स्पष्ट करू. आरोग्याचे कायदे नगरसेवक करत नाहीत, ते विधिमंडळात आणि संसदेत होतात. ‘आरोग्याचा नवा कायदा आणला’ असं कोणी माननीय लिहीत असतील तर त्यांनी फार तर सभागृहात ठराव मांडलेला असतो. पण त्या कायद्यांची अंमलबजावणी महापालिकेकडे असते आणि महापालिकेला जाब विचारायचा हक्क नगरसेवकाला असतो. मुख्य सभेत लेखी प्रश्न, प्रभाग समितीत क्षेत्रीय कार्यालयाच्या अधिकाऱ्यांना तोंडी प्रश्न, आणि अंदाजपत्रकातली ‘स’ यादी, म्हणजे नगरसेवकांनी सुचवलेल्या कामांची तरतूद. हे तिन्ही वापरून काय साधलं, ते अहवालात यायला हवं.

पहिला विषय खासगी रुग्णालयांचा. केंद्राचा २०१० चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही. आपल्याकडे १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा चालतो आणि १४ जानेवारी २०२१ ला त्याच्या नियमांत मोठी दुरुस्ती झाली. या नियमांप्रमाणे रुग्ण हक्कांची सनद रुग्णालयात ठळक जागी लावावी लागते आणि तिच्यासोबत दरपत्रकही. त्यात प्रवेश शुल्क, साध्या खाटेचं आणि अतिदक्षता विभागाचं दिवसाचं भाडं, डॉक्टरांची व्हिजिट, शस्त्रक्रिया, भूल, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग, सलाइन आणि रक्त चढवणं, मॉनिटर, ऑक्सिजन, पॅथॉलॉजी, एक्स-रे-सोनोग्राफी असे रकाने वेगवेगळे हवेत. दर ‘पॅकेजप्रमाणे’ असा एका ओळीचा बोर्ड म्हणजे दरपत्रक नव्हे.

इथे एक गैरसमज सर्रास दिसतो. हे नियम दर ठरवून देत नाहीत, फक्त जाहीर करायला लावतात. कोविडच्या काळात सरकारने कमाल दर बांधले होते, ती व्यवस्था वेगळी होती. त्यामुळे ‘बिल जास्त लावलं’ एवढीच तक्रार केली तर ती टिकत नाही. ‘लावलेल्या दरपत्रकापेक्षा बिल जास्त आहे’ किंवा ‘दरपत्रक लावलेलंच नाही’ ही तक्रार टिकते. दाखल होतानाच दरपत्रकाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा आणि शेवटी रकानेवार बिल मागा. तक्रार महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे करायची असते, कारण महापालिका हद्दीत नोंदणी आणि देखरेख त्यांच्याकडे आहे. महापालिकेने तक्रार निवारण कक्ष आणि टोल फ्री क्रमांक ठेवणंही याच नियमांत येतं.

नोंदणी तीन वर्षांसाठी असते. म्हणजे नूतनीकरणाच्या निमित्ताने प्रत्येक रुग्णालयाची फाइल तीन वर्षांतून एकदा तरी महापालिकेच्या टेबलावर येतेच. अडतं ते इथेच. कागद तपासले जातात, अग्निशमनाचा दाखला आणि जैववैद्यकीय कचऱ्याचा करार पाहिला जातो, पण सनद आणि दरपत्रक भिंतीवर खरंच आहे का, हे जाऊन पाहिलं जातंच असं नाही. नगरसेवकाने दर तिमाहीला चार आकडे मागावेत. प्रभागात नोंदणीकृत रुग्णालयं किती, प्रत्यक्ष तपासणी कितींची झाली, नोटिसा किती गेल्या आणि तक्रारी किती दिवसांत निकाली निघाल्या. हे आकडे कार्यअहवालात छापले, तरी पुढच्या तिमाहीत बरेच बोर्ड आपोआप भिंतीवर चढतील.

दुसरा विषय शिफारसपत्रांचा, आणि यावर जरा कडक बोलायला हवं. रुग्ण धर्मादाय रुग्णालयात आहे, बिल वाढतंय, मग नातेवाईक माननीयांच्या कार्यालयात पत्रासाठी रांग लावतात. पत्र मिळतं, फोटो निघतो. पण सवलत त्या पत्राने मिळत नाही. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ अअ खाली उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मान्य केलेली योजना आहे. १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत, आणखी १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत. त्यासाठी रुग्णालयांनी बिलांच्या रकमेच्या २ टक्के वेगळ्या निधीत ठेवायचे असतात. उत्पन्नाची मर्यादा आता निर्धनांसाठी वर्षाला १ लाख ८० हजार आणि दुर्बल घटकांसाठी ३ लाख ६० हजार रुपये आहे. लागतो तो तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि रेशन कार्ड. तातडीच्या रुग्णाला अनामत रकमेसाठी अडवता येत नाही, आधी दाखल करून स्थिर करावं लागतं. माननीयांना खरंच मदत करायची असेल तर कार्यालयात उत्पन्नाचे दाखले काढून देण्याची सोय ठेवावी. दाखला आजारपणात काढायला गेलं की दिवस जातात आणि तोवर डिस्चार्ज होऊन बिल भरलेलं असतं.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेचंही तसंच. आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांचं संरक्षण आहे आणि ते सर्व रेशन कार्डधारकांना लागू आहे, पिवळं-केशरी-पांढरं हा भेद राहिलेला नाही. तरी लोक परत का पाठवले जातात? तीन कारणं नेहमीची. आधार आणि रेशन कार्डावरचं नाव जुळत नाही, किंवा नवं बाळ अथवा नवी सून कार्डावर चढवलेलीच नसते. रुग्णालय योजनेत असतं, पण हव्या त्या विभागासाठी नसतं. ‘तुमच्याकडे योजना आहे का’ ऐवजी ‘हृदयरोगासाठी आहे का’ असं विचारावं. तिसरं सगळ्यात महाग पडतं. ही योजना कॅशलेस आहे, आधी पैसे भरून नंतर परतावा मिळत नाही. म्हणून दाखल होतानाच आरोग्यमित्राला (रुग्णालयातला योजनेचा माणूस) गाठायचं आणि मंजुरी घ्यायची. शिबिरात चष्मे वाटण्यापेक्षा रेशन कार्ड-आधार दुरुस्तीचं एक टेबल लावलं तर उपयोग जास्त होईल, फक्त फोटो तितका चांगला येणार नाही.

आता फवारणी. डेंग्यूचा एडिस डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो आणि दिवसा चावतो. अंड्यापासून डास व्हायला पुण्याच्या पावसाळी हवेत आठवडा-दहा दिवस लागतात. धुराने फक्त उडणारे डास मरतात; पिंपातल्या अळ्यांना काही होत नाही आणि आठवड्यात नवी फौज तयार. त्यातही एडिस घरात, पडद्यामागे, कपाटाखाली बसतो आणि गाडी आली की आपण खिडक्या लावून घेतो, म्हणजे धूर रस्त्यावर आणि डास घरात. उद्रेकाच्या वेळी, रुग्ण सापडलेल्या घरांच्या आसपास, सकाळी किंवा संध्याकाळी, दारं-खिडक्या उघड्या ठेवून केलेल्या धूरफवारणीला अर्थ आहे. एरवी ती दिसते म्हणून केली जाते, हे आरोग्य खात्यातल्या कुणालाही खासगीत विचारा.

खरं काम कंटेनर सर्वेक्षणाचं. गच्चीतल्या टाक्यांची झाकणं, फ्रिजच्या मागचा ट्रे, कुंड्यांखालच्या बशा, बांधकामावरचं क्युरिंगचं पाणी, पंक्चरवाल्याकडचे टायर. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायचा, पण नुसतं पाणी ओतून नाही भागत. एडिसची अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात, कोरडी असताना कित्येक महिने टिकतात आणि पाणी चढलं की फुटतात. म्हणून आतून घासायचं. लोक इथेच चुकतात. मोठ्या हौदात गप्पी मासे सोडता येतात. अहवालात हवं ते हे: किती घरं तपासली, त्यांतल्या कितींत अळ्या सापडल्या, कोणत्या बांधकामाला नोटीस दिली आणि पुढच्या आठवड्यात तिथे परत कोण गेलं.

महापालिकेचे डेंग्यूचे आकडे आणि आजूबाजूला दिसणारे रुग्ण जुळत नाहीत, त्याचंही कारण आहे. खात्याच्या हिशेबात एलायझा या प्रयोगशाळेतल्या रक्तचाचणीनेच रुग्ण पक्का धरतात: पहिल्या पाच दिवसांत एनएस-१ (विषाणूचं प्रथिन शोधणारी), त्यानंतर आयजीएम (शरीराने केलेली प्रतिपिंडं शोधणारी). गल्लीतल्या प्रयोगशाळेची झटपट कार्ड टेस्ट पॉझिटिव्ह आली तर तो ‘संशयित’ राहतो. म्हणून माननीयांनी दोन्ही आकडे द्यावेत, संशयित आणि निश्चित. एकट्या निश्चित आकड्यावर ‘प्रभाग डेंग्यूमुक्तीकडे’ असा फ्लेक्स लावू नये.

पाण्याबद्दल तर २०२५ च्या जानेवारीनंतर कुणाला पटवायची गरज पडू नये. सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी भागात जीबीएसचे (गुइयाँ-बारे सिंड्रोम, नसांवर हल्ला करणारा आजार) रुग्ण वाढले, नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर आणि नोरोव्हायरस हे पोट बिघडवणारे जंतू सापडले, आणि विहिरीच्या पाण्यावर प्रक्रिया नीट होते का, हा प्रश्न सगळ्यांच्या तोंडी आला. धायरी २०१७ मध्ये हद्दीत आली, नांदेड आणि किरकटवाडी २०२१ मध्ये. गाव पालिकेत येतं, जलशुद्धीकरणाचं पाणी यायला पुढे कितीतरी वर्षं लागतात.

तपासणी अवघड नाही. नळाच्या पाण्यात मुक्त (जंतू मारायला शिल्लक असलेला) क्लोरीन लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम हवा. परीक्षानळीत पाणी घ्या, ओटी (ऑर्थोटोलिडीन) द्रावणाचे थेंब टाका, पिवळा रंग आला की पट्टीशी लगेच ताडून बघा. वेळ लावलात तर संयुक्त क्लोरीनचाही (पाण्यातल्या इतर पदार्थांशी जोडला गेलेला) रंग चढतो आणि वाचन फसवं येतं. नमुना तीन ठिकाणी घ्यायचा: वितरणाच्या शेवटच्या टोकाच्या नळाला, सोसायटीच्या खालच्या टाकीत पाणी पडतं तिथे, आणि वरच्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात. पहिल्या दोन ठिकाणी क्लोरीन आहे आणि तिसऱ्या ठिकाणी नाही, तर दोष तुमच्या टाकीचा. पहिल्याच ठिकाणी शून्य असेल तर पालिकेचा. विहिरीवर किंवा टँकरमध्ये टीसीएल (ब्लीचिंग) पावडर वापरतात तिथे १००० लिटरला साधारण ५ ग्रॅम आणि अर्धा तास थांबणं हे प्रमाण आहे. मात्र ते ताज्या, ३३ टक्के क्लोरीनच्या पावडरीचं. उघडी, ओल लागलेली गोणी काही महिन्यांत उतरते, २० टक्क्यांखाली गेलेली पावडर वापरू नये, पण माणूस तेवढंच माप टाकत राहतो. पाणीपुरवठ्याचं रजिस्टर भरलेलं असतं, क्लोरीन नसतो. आठवड्याचे तीन नमुने आणि त्यांचे आकडे, एवढं अहवालात आलं तरी पुरे.

राहिले कार्यक्रम. रक्तदान शिबिरं आपल्याकडे वाढदिवस, शिवजयंती आणि गणेशोत्सव या तीन मुहूर्तांना. एकाच आठवड्यात शेकडो पिशव्या जमतात. तांबड्या पेशी ३५ ते ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट फक्त ५ दिवस. मे महिन्यात कॉलेजं बंद, माणसं गावाला, आणि दिवाळीत पुन्हा तेच. रक्तपेढ्या कोरड्या पडतात त्या तेव्हा. प्रभागातल्या मंडळांना एकत्र बसवून वर्षाचं वेळापत्रक करून घेणं हे काम नगरसेवकच करू शकतो, कारण मंडळं एकमेकांचं ऐकत नाहीत. एखाद्याने मे घ्यावा, एखाद्याने दिवाळीचा पाडवा संपल्यावरचा रविवार. प्लेटलेट वेगळ्या करायच्या तर संकलनानंतर काही तासांतच पिशवी पेढीत पोचावी लागते, म्हणून डेंग्यूच्या दिवसांत जवळची, घटक वेगळे करण्याची सोय असलेली पेढी बोलवा. वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन १२.५, दोन दानांत पुरुषांना तीन आणि स्त्रियांना चार महिन्यांचं अंतर. डेंग्यू होऊन गेलेल्या कार्यकर्त्याला सहा महिने बाजूला बसवा, त्याला कितीही उत्साह असला तरी. आणि मिक्सर, हेल्मेटची आमिषं बंद करा; वस्तूसाठी आलेला माणूस आजार लपवतो.

महाप्रसादाचं थोडक्यात: शिजवल्यापासून चार तासांत वाढून संपवा आणि उपवासाला भगरीचं सुटं पीठ आणू नका, दरवर्षी विषबाधा त्यातूनच होतात. स्पीकरच्या बाबतीत निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. आरोग्य शिबिराचा फ्लेक्स आणि डीजेची भिंत एकाच मांडवात उभी करणाऱ्या माननीयांनी ती वाचावी.

कार्यअहवालात हवे असलेले हे आकडे माननीय देत नसतील तर माहिती अधिकारात स्वतः मागवा. अर्जाला १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, मजकूर १५० शब्दांच्या आत, आणि एका अर्जात एकच विषय. महाराष्ट्राच्या नियमांत ही अट आहे आणि बरेच अर्ज तिच्यावरच परत येतात. म्हणून रुग्णालयांची तपासणी आणि पाण्याचे नमुने एकाच अर्जात घालू नका, दोन अर्ज करा. ‘का तपासलं नाही’ असं न विचारता ‘अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंतच्या तपासणी अहवालांच्या प्रती’ असं मागा, कारण कागद मागता येतो, खुलासा नाही. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, त्याला २० रुपये.